एअरबॅगच्या दिव्याला वाली कोण?

गाडीची चावी फिरवली की डॅशबोर्डवर दिव्यांची एक रांग उजळते. त्या रांगेत, आसनावर बसलेला माणूस आणि त्याच्यापुढे फुगलेला गोळा असे चित्र असलेला एक दिवा असतो. काही गाड्यांत चित्राऐवजी ‘एसआरएस’ ही अक्षरे असतात. पाच-सहा सेकंद तो पेटलेला राहतो आणि विझतो. तेवढ्या वेळात गाडीतल्या एका छोट्या नियंत्रकाने एअरबॅगच्या तारांमधून अगदी क्षीण प्रवाह सोडून पाहिलेला असतो, धडक ओळखणाऱ्या सेन्सरची हजेरी घेतलेली असते आणि सीटबेल्ट आवळणारी यंत्रणा जागेवर असल्याची खात्री करून घेतलेली असते. सारे ठीक असेल तरच दिवा विझतो. तो विझला नाही, गाडी चालू असताना मध्येच पेटला किंवा चावी फिरवल्यावर मुळात लागलाच नाही, तर तिन्ही वेळा अर्थ एकच असतो. धडक बसली तर एअरबॅग उघडेल, याची हमी आता कोणी देत नाही. ब्रेक दाबून पाहता येतो, हॉर्न वाजवून पाहता येतो, हेडलाइट लावून पाहता येतात. एअरबॅग वापरून पाहण्याची सोय नाही; ती एकदाच उघडते आणि त्या वेळी ती नादुरुस्त निघाली तर दुरुस्तीला वाव उरत नाही. गाडीत बसणाऱ्याला तिच्या प्रकृतीचा दाखला देणारा तो दिवा एकटाच आहे. तरीही तो पेटलेला ठेवून महिनोन्‌महिने गाडी हाकणाऱ्यांची आपल्याकडे वानवा नाही, कारण गाडी तर व्यवस्थित चालत असते. माझे म्हणणे असे आहे, की हा दिवा पेटलेली गाडी ही सदोष गाडी आहे. मालकाने, मेकॅनिकने आणि सरकारनेही तिला तसेच वागवले पाहिजे. आणि सरकारने एअरबॅग सक्तीची केली त्या दिवसापासून या दिव्याची जबाबदारीही त्याच्यावर येऊन पडली आहे.

समोरून जोरदार धडक बसते तेव्हा सगळा प्रकार सेकंदाच्या दहाव्या हिश्शात आटोपतो. धडक किती जोराची आहे हे ओळखून निर्णय घ्यायला नियंत्रकाला काही मिलिसेकंद मिळतात. तो आदेश देताच स्टिअरिंगच्या मध्यभागी बसवलेले रसायन पेटते, त्यातून निघालेला वायू कापडी पिशवीत शिरतो आणि छाती पुढे फेकली जाण्याच्या आत पिशवी फुगून तयार असते. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. पुढच्या आसनांच्या सीटबेल्टला जोडलेला प्रीटेन्शनरही बहुतेक गाड्यांत त्याच नियंत्रकाच्या हुकमावर चालतो. तो सैल पट्टा झटक्यात मागे ओढून माणसाला आसनाशी बांधतो. दिव्याकडे दुर्लक्ष करताना ही गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात नसते. बिघाड नियंत्रकात असेल, तर एअरबॅगबरोबर पट्ट्याची ही मदतही जाते. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या अंदाजानुसार १९८७ ते २०१७ या काळात त्या देशात समोरच्या एअरबॅगमुळे ५०,४५७ जीव वाचले. समोरासमोरच्या अपघातांत चालकाच्या मृत्यूचे प्रमाण या एका साधनाने साधारण २९ टक्क्यांनी घटते, असा तिथल्या अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. भारतात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. अशा देशात एवढे गुणकारी साधन गाडीत असून बंद पडलेले असावे, ही परवडणारी गोष्ट नाही.

हे साधन गाड्यांत यावे म्हणून सरकारने बरीच खटपट केली. चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९पासून प्रत्येक नव्या मोटारीत सक्तीची झाली. चालकाशेजारच्या आसनासाठी मार्च २०२१मध्ये अधिसूचना निघाली. नव्या मॉडेलांना ती १ एप्रिल २०२१पासून लागू झाली आणि जुन्या मॉडेलांना, मुदतवाढ मिळून, त्या वर्षाच्या अखेरीपासून. जानेवारी २०२२मध्ये सहा एअरबॅगच्या सक्तीचा मसुदा आला, त्याची तारीख ऑक्टोबर २०२३पर्यंत पुढे ढकलली गेली आणि अखेर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरींनी ही सक्ती करणार नसल्याचे जाहीर केले. दोन की सहा, यावर वृत्तपत्रांतून, संसदेतून आणि वाहन उद्योगातून भरपूर चर्चा झाली. शोरूममधून बाहेर पडल्यानंतर त्या एअरबॅग चालू राहतात का, हा प्रश्न त्या चर्चेत कुठेच नव्हता. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. या १५ वर्षांत तिला सरकारी तपासणी म्हणून एकच गोष्ट करावी लागते, ती म्हणजे पीयूसी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०च्या दुसऱ्या पोटकलमात रस्ता सुरक्षा, आवाज आणि वायुप्रदूषण या तिन्हींच्या मानकांचा भंग एकाच वाक्यात गुन्हा ठरवला आहे आणि त्याला १० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. त्याच कलमाचे पहिले पोटकलम तर, साधी काळजी घेतली असती तर कळला असता असा धोकादायक दोष असलेली गाडी चालवण्यालाही दंड सांगते. म्हणजे कायद्यात तरतूद आहे. धुराचे माप घ्यायला गावोगावी पीयूसी केंद्रे उभी राहिली, सुरक्षेचे माप घ्यायला मात्र खासगी मोटारीच्या वाट्याला १५ वर्षे कोणी येत नाही.

हे अंतर किती मोठे आहे ते चंडीगढमध्ये स्पष्ट दिसते. ल कॉर्बूझिएने आखलेल्या या शहरात रस्त्यांना व्ही-१ ते व्ही-७ अशी उतरंड आहे. मध्य मार्ग, दक्षिण मार्ग, जन मार्ग हे रुंद आणि सरळ रस्ते शहर चिरत जातात आणि त्यांच्या छेदांवर मोठमोठे चौक आहेत. रुंद आणि सरळ रस्ता रात्री वेगाला आमंत्रण देतो आणि चौकात कडेने धडक बसण्याचा धोका असतो. २०११च्या जनगणनेत या केंद्रशासित प्रदेशाची लोकसंख्या साडेदहा लाख होती. आज तिथे नोंदणी झालेली वाहने माणसांपेक्षा जास्त आहेत. वाहतुकीची शिस्त लावण्यात चंडीगढ पोलिसांचा लौकिक उत्तर भारतात सर्वांना ठाऊक आहे. सेक्टर १७मधील नियंत्रण केंद्र मार्च २०२२पासून चालू आहे आणि शहरभरच्या कॅमेऱ्यांतून सिग्नल तोडणाऱ्यांची, वेगमर्यादा ओलांडणाऱ्यांची चलाने घरपोच जातात. इतके डोळे असलेल्या शहरातही गाडीच्या आतला हा दिवा पाहणारे कोणी नाही. महाराष्ट्रातल्या वाचकाने चंडीगढकडे पाहावे ते यासाठी, की जिथे शिस्त आहे, पैसा आहे, मनुष्यबळ आहे तिथेही ही उणीव असेल, तर पुणे, नागपूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर या झपाट्याने गाड्या वाढलेल्या शहरांची गत वेगळी असण्याचे कारण नाही.

दिवा पेटलेली गाडी सदोष मानावी, या मागणीवर पहिला आक्षेप गॅरेजमधून येतो आणि त्यात तथ्य आहे. दिवा पेटण्याचे कारण पुष्कळदा किरकोळ असते. स्टिअरिंगच्या आत क्लॉक स्प्रिंग नावाची, फितीसारखी गुंडाळलेली चपटी तार असते. चाक कितीही फिरवले तरी हॉर्नचे आणि एअरबॅगचे कनेक्शन तुटू नये, हे तिचे काम. वर्षानुवर्षे वळणे घेऊन ती थकते आणि तुटते. तेव्हा अनेकदा हॉर्नही वाजेनासा होतो. पुढच्या आसनांखाली पिवळ्या रंगाचे कपलर असतात. आसन मागे-पुढे करताना, खाली बाटली अडकल्याने किंवा गाडी आतून धुताना ते सैल होतात. बॅटरी उतरली, कोणी नवा स्टिरिओ बसवताना वायरिंगला हात घातला, आसनाच्या कुशीतली एअरबॅग असलेल्या गाडीत जाड सीट कव्हर शिवून घेतले, की बिघाड संभवतो. पाणी शिरणे हे यातले सर्वांत फसवे कारण. ९ जुलै २०२३च्या सुमारास चंडीगढमध्ये २४ तासांत ३०० मिलीमीटरहून अधिक पाऊस कोसळला, तेव्हा शहरात आणि भोवतालच्या वस्त्यांत पाणी साचले. पुण्याच्या सिंहगड रोडवरील एकतानगरीने जुलै २०२४मध्ये तेच पाहिले. अशा पुरात गाडीत पाणी शिरले की आसनाखालचे कपलर आणि मधल्या कन्सोलखाली बसवलेला नियंत्रक सर्वांत आधी भिजतात. गाडी वाळते, सुरू होते, चालते. कपलरच्या पिनांवर गंज मात्र हळूहळू चढत जातो आणि दिवा काही महिन्यांनी पेटतो. कारण किरकोळ असू शकते, हे म्हणणे म्हणूनच मान्य आहे. पण कोणते कारण आहे हे नुसत्या दिव्यावरून ना मालकाला कळते ना मेकॅनिकला. घरात गॅसचा वास आला तर ‘नळी सैल झाली असेल’ म्हणून कोणी काडी ओढत नाही. आधी सिलिंडर बंद करतो आणि मग नळी पाहतो. कारण क्षुल्लक असले म्हणून परिणाम क्षुल्लक होत नाही. सैल कपलर असो की जळालेला नियंत्रक, धडकेच्या क्षणी पिशवी उघडली नाही तर कपाळ स्टिअरिंगवर तितक्याच जोराने आपटते.

खरा धोका त्यापुढे सुरू होतो. दिवा विझवणे आणि बिघाड काढणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि पहिले काम दुसऱ्यापेक्षा फार स्वस्त आहे. एअरबॅगच्या तारेचा रोध दोन-तीन ओहम असतो. तेवढ्याच रोधाचा, चिमटीत मावणारा काही रुपयांचा रेझिस्टर कपलरमध्ये बसवला की नियंत्रकाला वाटते एअरबॅग जागेवर आहे, आणि दिवा विझतो. काही ठिकाणी तर मीटर खोलून दिव्याचेच कनेक्शन काढतात. एकदा अपघातात उघडलेल्या एअरबॅगच्या जागी नवी न घालता नुसते आवरण चिकटवलेली गाडी अशा रीतीने पुन्हा विक्रीला येऊ शकते आणि घेणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये दिल्ली पोलिसांनी बनावट एअरबॅग बनवणारी टोळी पकडली. नामांकित कंपन्यांच्या नावाच्या ९००हून अधिक एअरबॅग तिथे सापडल्या. एवढा माल तयार होत होता याचा अर्थ त्याला गिऱ्हाईक होते. चंडीगढमध्ये आधी सेक्टर ७मध्ये आणि पुढे हल्लोमाजरा इथे जुन्या गाड्यांचा रविवारचा बाजार भरत आला आहे. पंजाब, हरियाणा, हिमाचलातून लोक ‘सीएच-०१’ क्रमांकाची, नीट सांभाळलेली गाडी शोधत या शहरात येतात. घेणारा इंजिनाचा आवाज ऐकतो, टायर पाहतो, रंग ठोकून पाहतो. एअरबॅग खरी आहे की रेझिस्टर, हे पाहण्याचे साधन त्याच्याकडे नाही आणि गाडी नावावर करून देणाऱ्या कार्यालयालाही ते तपासण्याचे बंधन नाही. मनीमाजऱ्याच्या मोटर मार्केटमध्ये किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर उत्तम हात बसलेले कारागीर आहेत आणि त्यांच्यावर सरसकट संशय घेणे अन्यायाचे होईल. प्रामाणिक कारागिराला बळ देण्यासाठीच तपासणी हवी. ती नसते तेव्हा दोनशे रुपयांत दिवा विझवून देणाऱ्यापुढे खरी दुरुस्ती करणाऱ्याचा धंदा टिकत नाही.

‘आम्ही गाडी जपून चालवतो, पट्टा लावतो, एअरबॅग नसली तरी काय बिघडले?’ हा दुसरा आक्षेप. पट्टा हे पहिले आणि सर्वांत मोठे संरक्षण आहे, याबद्दल दुमत नाही. २०२२मध्ये पट्टा न लावल्यामुळे देशात १६,७१५ माणसे दगावल्याचे केंद्र सरकारची आकडेवारी सांगते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी कठड्यावर आदळली. मिस्त्रींसह मागच्या आसनांवरील दोघांनी पट्टा लावलेला नव्हता आणि दोघेही मरण पावले. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. त्या अपघातातून देशाने पट्ट्याचा धडा घेतला, तो योग्यच होता. मात्र पट्टा आणि एअरबॅग ही जोडी म्हणूनच आखलेली आहेत. पट्टा धड रोखतो. डोके आणि मान पुढे जातच राहतात, त्यांना थोपवण्याचे काम पिशवीचे. आणि जपून चालवण्याचे म्हणाल, तर समोरचा दुभाजक ओलांडून येणार की नाही, हे आपल्या जपण्यावर ठरत नाही. जो स्वतः चुकत नाही, त्यालाच दुसऱ्याच्या चुकीपासून वाचवण्यासाठी हे साधन आहे.

तिसरा आक्षेप भावनेला भिडणारा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. एअरबॅग जीवही घेते. डिसेंबर २०२४मध्ये नवी मुंबईत वाशी इथे, मोटारीत पुढे बसलेला सहा वर्षांचा मुलगा एअरबॅग उघडल्यानंतर दगावला. जपानच्या टाकाटा कंपनीच्या एअरबॅगमधील अमोनियम नायट्रेट उष्ण-दमट हवेत खराब होऊन पिशवीबरोबर धातूचे तुकडे उडाले, माणसे मेली आणि जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या. भारतातही होंडासारख्या कंपन्यांनी त्यासाठी गाड्या परत बोलावल्या. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मात्र एअरबॅग नसलेली बरी, हा निष्कर्ष त्यांतून निघत नाही. पहिली गोष्ट सांगते, की लहान मुलाची जागा मागच्या आसनावर, त्याच्या वयाच्या आसनात आणि पट्ट्यात आहे. चालकानेही स्टिअरिंगपासून छाती किमान २५ सेंटीमीटर दूर ठेवावी. दुसरी गोष्ट सांगते, की गाडी विकल्यानंतरही या यंत्रणेवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवावे लागते. जानेवारी २०२३मध्ये मारुती सुझुकीने १७,३६२ गाड्या परत बोलावल्या, कारण त्यांच्या एअरबॅग नियंत्रकात दोष असण्याची शक्यता होती; भाग बदलेपर्यंत गाडी चालवू नका, असे कंपनीनेच मालकांना सांगितले. बनवणारी कंपनी ज्या दोषासाठी गाडी उभी करा म्हणते, तोच दोष एखाद्या जुन्या गाडीत दिव्याच्या रूपाने दिसला तर तो खपवून का घ्यावा? शिवाय बिघडलेली यंत्रणा उघडणार नाही एवढ्यावरच धोका थांबत नाही. ती नको तेव्हा उघडू शकते, असा इशारा अनेक गाड्यांच्या मालक-पुस्तिकेत छापलेला असतो. ज्याला एअरबॅगची भीती वाटते, त्याने तर दिव्याकडे सर्वांच्या आधी लक्ष द्यायला हवे.

चौथा आक्षेप खिशाचा. दहा-बारा वर्षे जुन्या गाडीचा नियंत्रक आणि एअरबॅग दोन्ही बदलायची वेळ आली, तर बिल गाडीच्या किमतीच्या तुलनेत जड होते. हप्ते फेडून गाडी घेतलेल्या माणसाला ‘बदला’ म्हणणे सोपे आहे, पैसे मोजणे नाही. ही अडचण मी गंभीरपणे घेतो आणि म्हणूनच तपासणी आणि दुरुस्ती यांत फरक करतो. स्कॅनर लावून एरर कोड वाचायला मोठा खर्च येत नाही. कोड वाचल्याशिवाय बिल मोठे येणार की कपलर साफ करून भागणार, हे समजत नाही. म्हणजे खर्चाच्या भीतीने तपासणी टाळणारा माणूस अनेकदा किरकोळ खर्चालाच घाबरलेला असतो. गाडी वॉरंटीत असेल किंवा परत बोलावलेल्यांच्या यादीत असेल तर खर्च कंपनीचा असतो. जिथे बिल खरोखरच मोठे आहे, तिथे सरकारने कंपन्यांना एअरबॅगच्या सुट्या भागांच्या किमती जाहीर करायला आणि जुन्या मॉडेलांसाठीही भाग उपलब्ध ठेवायला भाग पाडावे. सुरक्षेचा भाग सक्तीने विकत घ्यायला लावायचा आणि तो बिघडल्यावर किमतीचा प्रश्न ग्राहक आणि विक्रेता यांच्यावर सोडून द्यायचा, हे न्यायाचे नाही.

ग्राहकाच्या बाजूने न्यायालयाने मात्र ठाम भूमिका घेतली आहे. नोव्हेंबर २०१७मध्ये दिल्ली-पानिपत महामार्गावर, म्हणजे दिल्लीहून चंडीगढला जाणाऱ्या वाटेवरच, एका ह्युंदाई क्रेटाला अपघात झाला. एअरबॅग उघडल्या नाहीत; गाडीतील मालकाच्या डोक्याला, छातीला आणि दातांना मार बसला. धडक पुरेशी जोराची नव्हती, असा कंपनीचा बचाव होता. ग्राहक आयोगांनी तो फेटाळला आणि २० एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही तीन लाख रुपयांची भरपाई आणि गाडी बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला. वेग आणि बल यांची गणिते मांडण्याइतका भौतिकशास्त्राचा जाणकार ग्राहकाने असावे अशी अपेक्षा ठेवता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. या निकालाचा दिव्याशी जवळचा संबंध आहे. सामान्य ग्राहकाने धडकेचे गणित करायचे नाही, पण त्याच्यासमोर पेटलेला दिवा तर त्याला दिसत होता, असा प्रतिवाद उद्या कोणतीही कंपनी करू शकेल. दिवा पेटल्यावर गाडी लगेच सर्व्हिस सेंटरला नेली, तक्रार जॉब कार्डवर लिहून घेतली, सापडलेला कोड आणि बदललेला भाग बिलावर नमूद करून घेतला, तर ग्राहकाची बाजू भक्कम राहते. तोंडी सांगितलेली तक्रार आयोगापुढे सिद्ध करता येत नाही. दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते आणि तिथली फी नाममात्र असते.

शेवटचा आक्षेप सरकारी तपासणीलाच आहे. पीयूसीची प्रमाणपत्रे गाडी न पाहता मिळतात अशा तक्रारी देशभर आहेत; त्यात आणखी एक कागद वाढवून काय साधणार, असे कोणी विचारले तर त्यात गैर नाही. परंतु या तपासणीला महागडे यंत्र लागत नाही आणि तपासणाऱ्याच्या मर्जीलाही फार वाव नाही. चावी फिरवल्यावर दिवा लागतो का आणि काही सेकंदांनी विझतो का, एवढ्या दोनच गोष्टी पाहायच्या आहेत. पीयूसी केंद्रावर नंबर प्लेटचा फोटो काढून वाहन पोर्टलवर चढवतातच. त्याच वेळी डॅशबोर्डचा दहा सेकंदांचा व्हिडिओ घेता येईल. रेझिस्टरची लबाडी यातून पकडली जाणार नाही, हे मान्य. त्यासाठी गाडी दुसऱ्याच्या नावावर करताना स्कॅनरचा अहवाल आणि एअरबॅगची प्रत्यक्ष पाहणी सक्तीची करावी. जगात हे नवे नाही. ब्रिटनमध्ये तीन वर्षांहून जुन्या मोटारीची दरवर्षी एमओटी चाचणी होते आणि २०१३पासून एअरबॅगचा दिवा बिघाड दाखवत असेल तर गाडी त्या चाचणीत नापास होते. युरोपीय संघाच्या २०१४च्या वाहन तपासणी निर्देशातही हा मुद्दा आहे. तिथे हा दिवा ब्रेक आणि टायर यांच्या पंगतीला बसवला आहे, आणि त्याची जागा तीच आहे.

चंडीगढ प्रशासनाने यात पुढाकार घ्यावा. केंद्रशासित प्रदेश छोटा आहे, पीयूसी केंद्रे मोजकी आहेत, नोंदी संगणकावर आहेत आणि नियम मोडला तर दंड होतो याची लोकांना सवय आहे. रस्ता सुरक्षेत या शहराने देशाला दिशा दिल्याचा इतिहासही आहे. अपघातात अपंगत्व आलेले चंडीगढचे हरमन सिंग सिद्धू यांनी लावून धरलेल्या याचिकेवरच सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६मध्ये महामार्गांलगतची दारूची दुकाने हटवण्याचा आदेश दिला होता. दिव्याच्या तपासणीत प्रशासनाने पहिल्या वर्षी कोणालाही दंड न करता फक्त नोंद करावी आणि दुरुस्तीला महिन्याची मुदत द्यावी. किती गाड्यांत हा दिवा पेटलेला आहे, याचा खरा आकडा त्यातून देशाला पहिल्यांदा कळेल आणि पुढचे धोरण अंदाजावर न राहता त्या आकड्यावर उभे राहील. परत बोलावलेल्या गाडीची दुरुस्ती बाकी असेल तर चॅसिस क्रमांकावरून तेही त्याच प्रमाणपत्रावर छापता येईल. महाराष्ट्राच्या परिवहन विभागानेही याची वाट पाहत बसू नये. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग ज्या राज्यात आहेत, त्याला याची गरज चंडीगढपेक्षा जास्तच आहे.

नियम येईल तेव्हा येईल. वाचकांनी मात्र आजच एक गोष्ट करावी. पुढच्या वेळी चावी फिरवाल तेव्हा हा दिवा लागतो आणि विझतो का, ते पाहा. विझत नसेल किंवा लागतच नसेल तर पिवळ्या कपलरला आणि तारांना स्वतः हात लावू नका, मल्टिमीटर लावून पाहू नका. मल्टिमीटरच्या प्रवाहानेही पिशवी उघडू शकते. बॅटरीची वायर काढून दिवा घालवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. गाडी ज्याच्याकडे कंपनीचा स्कॅनर आहे अशा ठिकाणी न्या, कोड लिहून घ्या, बिल जपून ठेवा. दुरुस्ती होईपर्यंत गाडीचा वापर गरजेपुरताच करा आणि मागे-पुढे बसलेल्या प्रत्येकाला पट्टा लावायला सांगा. जुनी गाडी घेणार असाल तर इंजिनाआधी हा दिवा पाहा आणि स्कॅनरचा अहवाल मिळाल्याशिवाय इसार देऊ नका.